हेडरेस्ट नीट कसं लावायचं: सीटपासून खटक्यापर्यंत, क्रमाने

गाडीतलं हेडरेस्ट बहुतेक लोक कधी हलवतच नाहीत. गाडी ताब्यात आली तेव्हा ते ज्या खाचेत होतं त्याच खाचेत वर्षानुवर्षं राहतं, आणि बरेचदा ती सगळ्यांत खालची खाच असते. जे हलवतात, त्यांच्यातले पुष्कळ जण ते मानेच्या खळगीत बसेल असं लावतात, कारण तिथे टेकलं की बरं वाटतं. काहींची उंची बरोबर असते, पण डोकं आणि हेडरेस्ट यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी असते. या तिन्ही प्रकारांत हेडरेस्ट गाडीत असूनही वेळेला उपयोगी पडत नाही.

ते बसवायला पाच मिनिटं पुरतात, पण क्रम चुकला तर त्या पाच मिनिटांचा फायदा होत नाही. उंची आधी लावून मग सीटची पाठ मागे केली, तर पहिलं काम वाया जातं. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## आधी एवढं समजून घ्या

मागून धडक बसते तेव्हा तुमची गाडी एकदम पुढे ढकलली जाते. गाडीबरोबर सीट पुढे येते आणि सीटची पाठ तुमच्या पाठीला रेटते. डोक्याला मात्र कुणी रेटलेलं नसतं, ते जागच्या जागी राहू पाहतं. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचं असतं. म्हणजे खाली धड पुढे निघालेलं, वर एवढं वजन मागे राहिलेलं, आणि दोघांना जोडणारी सात मणक्यांची मान.

सुरुवातीच्या क्षणी ही मान नागमोडी होते. खालचे मणके मागच्या बाजूला वाकतात आणि त्याच वेळी वरचे मणके पुढच्या बाजूला वाकतात. रोजच्या हालचालीत मान असा आकार घेत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेले छोटे सांधे, त्यांची आवरणं आणि आजूबाजूचे अस्थिबंध यात ताणले जातात. त्यानंतर डोकं मागे फेकलं जातं आणि मग उसळी घेऊन पुढे येतं. डॉक्टर या इजेला व्हिपलॅश म्हणतात, आपण मानेला हिसका बसला असं म्हणतो.

मान नागमोडी होते ती धडकेनंतर साधारण पहिल्या ०.१ सेकंदातच. धोका उशिरा कळलेल्या माणसाचे स्नायू एवढ्या वेळात पुरेसे आवळले जात नाहीत. ‘मी मान घट्ट धरली असती’ या म्हणण्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. डोकं मागे राहू लागताच त्याला पाठीबरोबर पुढे नेणारा आधार लगेच मिळायला हवा, आणि तो फक्त हेडरेस्ट देऊ शकतं.

यावरून दोन मापं निघतात. पहिलं उंचीचं: हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्यापर्यंत पोचला पाहिजे. दुसरं अंतराचं: डोक्याचा मागचा भाग आणि हेडरेस्ट यांत शक्य तितकी कमी जागा हवी. उंचीबद्दल थोडंफार बोललं जातं, अंतराबद्दल जवळजवळ कुणी बोलत नाही. खरं तर दोन्ही मापं एकाच वेळी बरोबर असावी लागतात. उंच पण लांब असलेलं हेडरेस्ट डोक्याला उशिरा भेटतं, तोवर मान नागमोडी होऊन गेलेली असते. जवळ पण खाली असलेलं हेडरेस्ट त्याहून वाईट, कारण डोकं त्याच्या काठावरून मागे उलटतं आणि मान त्या काठावर वाकते.

आकड्यांत सांगायचं तर अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या जुन्या मोजणीत चांगली श्रेणी मिळवायला दोन अटी होत्या. हेडरेस्टचा काठ माथ्यापासून ६ सेंमीपेक्षा खाली नको आणि डोक्यामागचं अंतर ७ सेंमीपेक्षा जास्त नको. १० सेंमी खाली किंवा ११ सेंमी लांब, याच्या पलीकडे गेलं की श्रेणी थेट ‘वाईट’. मात्र अशी मोजमापं ठरावीक बांध्याच्या पुतळ्याला ठरावीक कोनात बसवून घेतात. तुमचा बांधा आणि तुमची बसण्याची सवय त्या पुतळ्यासारखी नसते. गाडीला चांगली श्रेणी मिळाली असली तरी तुमच्या डोक्यामागे किती जागा आहे हे तुम्हालाच मोजावं लागतं.

धडक मोठी असली तरच मानेला लागतं, असंही समजू नका. गाडीच्या मागच्या बंपरला जेमतेम पोचा आलेला असतो आणि आतल्या माणसाची मान महिनोन्‌महिने दुखत राहते, असं घडतं. स्त्रियांना ही इजा पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. घरातली गाडी दोघं चालवत असतील, तर दोघांनीही आपापलं माप स्वतंत्र घ्यायला हवं.

## तयारी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद ठेवा. सीट विजेवर चालणारी असेल तर हेडरेस्टही बटणावर चालतं का ते पाहा. गाडीचं माहितीपुस्तक उघडून हेडरेस्टचं पान काढा. तुमच्या गाडीत हेडरेस्ट किती दिशांना हलतं, बटण कुठे आहे आणि ते आपोआप पुढे येणाऱ्या प्रकारचं आहे का, एवढं तिथे मिळतं.

बरोबर एक माणूस हवा. स्वतःच्या डोक्यामागचं अंतर स्वतःला दिसत नाही, आणि आरशात पाहायला मान वळवली की मापच बदलतं. सोबतीला कुणी नसेल तर फोन खिडकीच्या बाजूला कानाच्या उंचीवर टेकवून ठेवा आणि टायमर लावून फोटो काढा. एक सपाट पट्टी किंवा पातळ पुस्तक जवळ ठेवा.

एरवी गाडी चालवताना असते तशीच केशरचना ठेवा. मागे अंबाडा किंवा केसांना लावायचा मोठा क्लच असेल तर डोकं तेवढंच पुढे राहतं, आणि टणक क्लच डोक्यामागे दाबला जाणं तसंही चांगलं नाही. रोज गाडी चालवणाऱ्यांनी केस बाजूला किंवा खाली बांधणं बरं.

## टप्पा १: सीटवरच्या जादा वस्तू काढा

मापाला हात लावण्याआधी सीट मोकळी करा. इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात, त्यामुळे हा टप्पा घाईत उरकू नका.

बसायच्या जागेवर ठेवलेली गादी तुम्हाला वर उचलते, हेडरेस्ट मात्र सीटला जोडलेलं असल्याने जागेवरच राहतं. पाच सेंमी जाडीची गादी घेतली आणि ती दबून तीन सेंमी उरली, तरी हेडरेस्ट तुमच्यासाठी तीन सेंमी खाली गेलं. रस्ता नीट दिसत नाही म्हणून गादी घेतली असेल, तर आधी सीट वर करण्याचा खटका किंवा चाक वापरा. त्याने सीट आणि हेडरेस्ट दोन्ही एकत्र वर जातात, माप बिघडत नाही.

कमरेमागची उशी धड पुढे ढकलते. धडाबरोबर डोकंही पुढे येतं आणि डोक्यामागचं अंतर तेवढं वाढतं. कंबरदुखीमुळे आधार लागत असेल तर सीटमधला कमरेचा आधार वापरा. तो नसेल तर शक्य तितकी पातळ उशी घ्या आणि पुढची सगळी मापं उशी ठेवूनच घ्या.

हेडरेस्टला बांधायची मानेची उशी काढून टाका. ती मानेच्या खळगीत बसते आणि डोक्याला हेडरेस्टपासून दूर ठेवते. मान दाबली जाते, डोकं मात्र मोकळंच राहतं. आधार द्यायचा तो डोक्याला, आणि ही उशी त्याच्या बरोबर उलट वागते. लांबच्या प्रवासात ती कितीही आरामाची वाटली तरी धावत्या गाडीत तिचं स्थान नाही.

सावधान: जाड सीटकव्हरही तपासा. काही गाड्यांत मागून धडक बसली की तुमच्या पाठीच्या दाबाने हेडरेस्ट आपोआप पुढे आणि वर येतं. ती यंत्रणा सीटच्या पाठीत असते. हेडरेस्ट आणि सीटची पाठ एकत्र बांधून टाकणारं कव्हर तिला अडवू शकतं. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर कव्हर तिचीही वाट बंद करू शकतं.

## टप्पा २: सीटची जागा आणि पाठीचा कोन

पार मागे सरकून बसा, कुल्ले सीटच्या कोपऱ्याला टेकले पाहिजेत. मग हा क्रम घ्या.

१. सीटची उंची. बॉनेटवरून रस्ता दिसेल आणि डोक्यावर छतापर्यंत मोकळी जागा राहील एवढी.

२. पुढे-मागे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. छाती आणि स्टीअरिंगच्या मध्यात किमान २५ सेंमी अंतर ठेवा, एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते.

३. पाठीचा कोन. खांदे सीटला टेकलेले असताना हात सरळ पुढे करा. मनगट स्टीअरिंगच्या वरच्या काठावर टेकलं तर कोन बरोबर आहे. फक्त बोटं पोचत असतील तर पाठ फार मागे आहे.

४. स्टीअरिंगची उंची आणि अंतर बदलता येत असेल तर ते आता करा. मग मनगटाची चाचणी पुन्हा घ्या.

पाठीचा कोन हा या सगळ्या कामाचा पाया आहे. आडवं होऊन गाडी चालवणारा माणूस रस्ता पाहायला मान पुढे काढतो. सीटची पाठ मागे गेलेली, डोकं पुढे आलेलं, आणि मधलं अंतर पंधरा-वीस सेंमीपर्यंत पोचतं. अशा अवस्थेत मागून धडक बसली तर आणखी एक गोष्ट घडते: अंग सीटच्या उतारावरून वर सरकतं. डोकं हेडरेस्टच्या काठाच्या वर निघून जातं आणि कागदावर बरोबर असलेली उंचीही अपुरी पडते. शेजारच्या सीटवर पाय ताणून झोपणाऱ्यालाही हेच लागू आहे. त्याचा सीटबेल्टही छातीपासून सुटलेला असतो.

तपासा: दोन मिनिटं शांत बसून राहा. नेहमी गाडी चालवताना जसे सैलावता तसे सैलावा. मोजमापाच्या वेळी ताठ आणि रस्त्यावर पोक काढून, असं असेल तर घेतलेलं माप खोटं ठरतं.

## टप्पा ३: उंची

आता हेडरेस्टकडे या. बहुतेक हेडरेस्ट दोन लोखंडी दांड्यांवर बसलेलं असतं. एका दांड्याला खाचा असतात, आणि त्याच दांड्याच्या बुडाशी सीटवर बटण असतं. बऱ्याच गाड्यांत वर करताना बटण दाबावं लागत नाही, नुसतं दोन्ही हातांनी सरळ ओढायचं. खाली करताना मात्र बटण दाबूनच न्यायचं.

सीटवरून उतरा, हेडरेस्ट दोन खाचा वर करा, पुन्हा बसा. आता बरोबरच्या माणसाला पट्टी तुमच्या माथ्यावर आडवी टेकवून मागे हेडरेस्टच्या दिशेने सरळ धरायला सांगा. पट्टी हेडरेस्टच्या काठाला लागली किंवा त्याच्या किंचित वरून गेली तर उंची झाली. पट्टी काठाच्या बरीच वरून जात असेल तर आणखी एक खाच वर न्या.

हेडरेस्ट माथ्याहून वर गेलं तर काय, ही शंका बुटक्या माणसांना येते. काही बिघडत नाही. सगळ्यांत खालच्या खाचेतही काठ तुमच्या माथ्याच्या वर राहत असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. मागचं दिसण्यात अडथळा येत असेल तर आरसे नीट लावा, हेडरेस्ट काढू नका.

उंच माणसांची अडचण खरी आहे. शेवटच्या खाचेतही काठ माथ्यापर्यंत येत नाही, असं बऱ्याच गाड्यांत होतं. अशा वेळी आधी टप्पा १ कडे परत जा, खाली गादी तर नाही ना ते पाहा. मग सीटची उशी पुढून-मागून वरखाली होत असेल तर मागची बाजू खाली घ्या. एवढं करून काठ माथ्यापासून चार-पाच सेंमी खाली राहिला तरी चालेल. तो कानाच्या वरच्या टोकाच्याही खाली राहत असेल, तर ती सीट तुमच्या उंचीसाठी नाही असं समजा आणि त्या गाडीत दुसरी सीट निवडा. डोक्याचं वजन ज्या बिंदूभोवती तोललेलं असतं तो कानाच्या पातळीजवळ आहे. काठ त्याच्या खाली असेल तर डोकं मागे उलटणारच.

सावधान: जास्त उंची मिळवायला दांडे शेवटच्या खाचेच्या वर ओढून ठेवू नका. खाच नसलेल्या जागी हेडरेस्ट कशानेच धरलेलं नसतं. पहिल्या झटक्यात ते खाली येतं किंवा निघून जातं.

## टप्पा ४: डोक्यामागचं अंतर

पाठ आणि खांदे सीटला टेकवा, नजर समोर, हनुवटी नेहमीच्या पातळीत. डोकं मुद्दाम मागे नेऊ नका. आता बरोबरच्या माणसाने तुमच्या डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागापासून हेडरेस्टपर्यंत किती बोटं आडवी मावतात ते पाहावं. दोन-तीन बोटं मावली तर उत्तम. चार बोटं म्हणजे साधारण सात-आठ सेंमी, ही शेवटची मर्यादा. मूठ उभी मावत असेल तर अंतर नक्की जास्त आहे.

हेडरेस्ट पुढे झुकणारं असेल तर काम सोपं आहे. वरचा भाग हाताने पुढे ओढा, ते एकेक टप्पा घेत पुढे येतं. काही प्रकारांत शेवटपर्यंत पुढे नेल्यावर ते सुटून परत मागे जातं, तेव्हा नव्याने सुरुवात करा.

ते झुकत नसेल तर अंतर कमी करायचा एकच मार्ग: सीटची पाठ एक खाच उभी करा आणि पुन्हा मोजा. एका खाचेनेही बराच फरक पडतो. पाठ बदलली की मनगटाची चाचणी आणि माथ्यावरची पट्टी पुन्हा घ्यायची. उंची आणि अंतर एकमेकांत गुंतलेली आहेत, एकाला हलवलं की दुसरं तपासायलाच हवं.

काही गाड्यांत उलटी तक्रार असते: हेडरेस्ट डोक्याला पुढे ढकलतं, हनुवटी छातीकडे जाते, तासाभरात मान अवघडते. बहुधा अशा वेळी सीटची पाठ गरजेपेक्षा उभी असते. ती एक खाच मागे घ्या, मनगट अजून पोचतंय ना ते पाहा. डोकं हेडरेस्टला हलकंसं टेकत असेल तर तो दोष मानू नका, तसं टेकलेलं डोकं सर्वांत सुरक्षित असतं.

सावधान: अवघडतं म्हणून हेडरेस्ट काढून उलटं लावणारे लोक आहेत. असं करू नका. उलटं लावल्यावर ते डोक्यापासून काही सेंमी मागे कलतं. शिवाय खाच दुसऱ्या बाजूला गेल्याने खटका नीट बसेलच असं नाही. मागून धडक बसली तर असं हेडरेस्ट डोक्याला उशिरा भेटतं आणि दाबाने खालीही सरकू शकतं.

## टप्पा ५: खटका बसला का

जागा ठरली, आता ती टिकते का ते पाहायचं. बटणाला हात न लावता हेडरेस्टवर दोन्ही तळहातांनी जोर देऊन खाली दाबा. जेमतेम हललं तर ठीक. खाली घसरलं तर ते दोन खाचांच्या मध्ये अडकलेलं होतं. थोडं वर-खाली करून ‘खट्‌’ आवाज येईपर्यंत बसवा. मग सरळ वर ओढा, बटण न दाबता ते सीटमधून सुटून हातात येता कामा नये.

जुन्या गाडीत बटण दाबलेलंच अडकून राहतं किंवा दांड्याभोवतीची प्लॅस्टिकची टोपी फुटलेली असते. तेव्हा हेडरेस्ट दिसायला बरोबर असतं, पण दाबलं की बसतं. टोपी बदलणं हे छोटं काम आहे, लांबणीवर टाकू नका.

तपासा: पुन्हा बसा, सीटबेल्ट लावा, तो ओढून घट्ट करा. बेल्टने अंग सीटला लागून राहतं, धडकेत वर सरकणं कमी होतं. आरसे सगळ्यांत शेवटी लावा. आधी लावले तर डोक्याची जागा बदलल्याने पुन्हा लावावे लागतील.

## टप्पा ६: मागची सीट

मागच्या सीटवर बसणाऱ्याकडे कुणी पाहत नाही, आणि मागून धडक बसते तेव्हा धडकेच्या जवळ तोच असतो.

मागची हेडरेस्ट बहुधा खाली दाबून ठेवलेली असतात, चालकाला मागच्या काचेतून दिसावं म्हणून. माणूस बसला की ती वर करायची. काही गाड्यांत खाली केलेलं हेडरेस्ट सीटच्या पाठीवर पुढे आलेलं असतं आणि पाठीत टोचतं. त्याचा आकार मुद्दाम तसा ठेवलेला असतो, ते खाली ठेवून कुणी बसू नये म्हणून. टोचलं की पुढे सरकून बसण्यापेक्षा ते वर उचला. मोजमाप टप्पा ३ आणि ४ प्रमाणेच, फक्त पाठीचा कोन बदलता येत नसेल तर मागे नीट टेकून बसणं एवढंच हातात राहतं.

मधल्या जागी हेडरेस्ट नसेल तर तिथे सर्वांत बुटका प्रवासी बसवा. सीटची पाठ त्याच्या कानाच्या वर येत असेल तर बरं.

## टप्पा ७: मुलं

मुलांच्या सीटचे नियम तिच्या माहितीपुस्तकात असतात आणि गाडीचे गाडीच्या पुस्तकात. दोन्ही वाचा. अनेक सीट बसवताना गाडीचं हेडरेस्ट मध्ये येतं आणि मुलाची सीट मागे टेकत नाही, तेव्हा हेडरेस्ट वर करायला किंवा काढायला सांगितलेलं असतं. सांगितलं असेल तरच काढा.

काढलेलं हेडरेस्ट मागच्या सीटवर किंवा पायाशी मोकळं ठेवू नका. धडकेत लोखंडी दांड्यांसकट ते उडतं. डिकीत बांधून ठेवा. मुलाची सीट निघाली आणि तिथे मोठा माणूस बसणार असेल, तर आधी हेडरेस्ट परत लावा. ही गोष्ट सर्रास विसरली जाते.

पाठ नसलेल्या बूस्टरवर (मुलाला उंच बसवणाऱ्या छोट्या सीटवर) बसणाऱ्या मुलाच्या डोक्यामागे गाडीची सीट किंवा हेडरेस्ट किमान कानांच्या वरच्या टोकापर्यंत यायला हवं. येत नसेल तर पाठ असलेला बूस्टर वापरा.

## टप्पा ८: रस्त्यावर

माप बरोबर असूनही सिग्नलला थांबल्यावर माणूस पुढे झुकतो. फोन बघतो, मागच्या मुलांशी वळून बोलतो, सिग्नल दिसावा म्हणून काचेजवळ जातो. मागून धडक बसण्याचा धोका नेमका थांबलेल्या गाडीला जास्त असतो. वळलेल्या मानेला बसलेला हिसका सरळ मानेपेक्षा जास्त इजा करतो. थांबल्यावर पाठ सीटला आणि नजर समोर, अधूनमधून आरशात, ही सवय लावा. पुढच्या गाडीपासून थोडी जागा सोडून थांबा, म्हणजे मागून ढकलले गेलात तरी पुढच्या गाडीवर आदळणार नाही.

आरशात एखादी गाडी थांबत नाहीये असं दिसलं आणि निघून जायला जागा नसेल, तर तीन गोष्टी करा: डोकं हेडरेस्टला टेकवा, नजर सरळ समोर ठेवा, ब्रेक दाबून धरा.

## काही चुकीच्या समजुती

‘हेडरेस्ट निघतं ते काच फोडण्यासाठी’, हा संदेश फोनवर फिरत असतो. हेडरेस्ट निघतं ते सीट दुमडता यावी, मुलाची सीट बसावी, कव्हर बदलता यावं म्हणून. त्याचे दांडे काच फोडायला बनवलेले नसतात, आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली काच त्यांनी फुटत नाही. आणीबाणीसाठी काच फोडायचं छोटं साधन हाताशी ठेवा. या समजुतीचा खरा तोटा असा की लोक हेडरेस्ट पटकन निघावं म्हणून सैल ठेवतात.

हेडरेस्टच्या मागे अडकवलेला टॅबलेट, हँगर किंवा टणक पेटी मागच्या माणसाच्या तोंडासमोर येते. समोरून धडक बसली तर त्याचं डोकं तिथेच आदळेल. जे लावायचं ते मऊ आणि घट्ट बसणारं असू द्या, किंवा लावूच नका.

एकच गाडी अनेक जण चालवत असतील तर प्रत्येकाची खाच लक्षात ठेवा: वरून तिसरी, खालून दुसरी, अशी. दर वेळी नव्याने मोजायला लागू नये. सीटची जागा लक्षात ठेवणारं बटण असलं तरी बऱ्याच गाड्यांत ते हेडरेस्ट हलवत नाही.

## धडक बसलीच तर

मानेला हिसका बसल्यावर दुखणं लगेच सुरू होईलच असं नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मान आखडते, डोक्याच्या मागच्या बाजूने डोकेदुखी सुरू होते, खांदे दुखतात, गरगरतं. त्यामुळे जागेवरच ‘मला काही झालं नाही’ असं लिहून देऊ नका.

हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा, अशक्तपणा, मानेच्या मधोमध हाडावर तीव्र दुखणं, मान वळवता न येणं, शुद्ध हरपणं किंवा गोंधळल्यासारखं होणं, यांतलं काही असेल तर त्या माणसाला हलवू नका, मान सरळ आणि स्थिर ठेवायला सांगा आणि रुग्णवाहिका बोलवा. आग किंवा तसाच दुसरा धोका असेल तरच बाहेर काढा. ६५ वर्षांच्या पुढच्या माणसांना साधं वाटलं तरी डॉक्टरांकडे न्या. हाड मोडलेलं नसेल तर हल्ली डॉक्टर बहुतेकांना हळूहळू मान हलवत राहायला सांगतात. स्वतःच्या मनाने कॉलर लावून आठवडेच्या आठवडे मान जखडून ठेवल्याने बरं व्हायला उशीर लागतो.

गाडीचंही बघा. मागून धडक बसल्यावर सीटची पाठ वाकलेली असू शकते, दांडे तिरके झालेले असू शकतात, आपोआप पुढे येणारं हेडरेस्ट पुढेच राहिलेलं असू शकतं. काही प्रकार माहितीपुस्तकाप्रमाणे हाताने परत बसवता येतात. काहींत स्फोटक खटका असतो, तो एकदा वापरला गेला की वर्कशॉपमध्ये बदलावाच लागतो. बंपर बदलून रंग मारला म्हणून सीट तपासली गेली असं धरू नका, दुरुस्तीच्या यादीत सीट आणि हेडरेस्टची तपासणी वेगळी लिहून घ्या. वापरलेली गाडी विकत घेतानाही चारही बाजूंच्या हेडरेस्टवर टप्पा ५ मधली दाबण्याची आणि ओढण्याची चाचणी करा. पुढच्या दोन सीट एकाच स्थितीत ठेवून मागून पाहा, एकीची पाठ दुसरीपेक्षा कललेली दिसली तर ती सीट तपासून घेईपर्यंत तिच्यावर कुणाला बसवू नका.